धाकट्याच्या होडीचा पंखा

थोरल्याच्या होडीच्या मोटारीचा पंखा खडकावर आपटला, एक पातं मुडपलं, आणि नवा पंखा घेणं भाग पडलं. मोटार जुनी, तिला कोणता पंखा मानवेल हे पाहायला दोन-चार पंखे पाण्यात फिरवून बघावे लागतात. थोरल्याला तेवढा धीर कुठला? धाकट्या भावाची होडी काठावर ओढून ठेवलेली होती. तिच्या पंख्यावर कोरलेलं माप त्याने पाहून घेतलं आणि तडक मिस्त्रीचं दुकान गाठलं.

"हाच पाहिजे. धाकट्याला आहे तोच."

ग्रीसने माखलेले हात चिंधीला पुसत मिस्त्री म्हणाला, "भावाची चप्पल घालून फिरणार का? आधी पायाचं माप बघ."

"होडी एकाच सुताराची, मोटार एकाच जातीची. मग पंखाच कसा वेगळा?"

"ओझं वेगळं म्हणून." मिस्त्रीने फळीवरचा पंखा काढून पाती बोटांनी चाचपली. "हा कमी पिचचा. एका फेऱ्यात होडी थोडीच पुढे नेतो, पण जोर मोठा. जड होडीचा पंखा हा. तुझ्या बाबांनीच निवडला होता. ते धाकट्याच्या होडीत पुढे बसायचे, आणि बाबा म्हणजे एकटे दोघांच्या वजनाचे." तो हसला. "ते गेल्यावर मी धाकट्याला म्हटलं, आता बदल. रिकाम्या होडीत हा पंखा मोटारीला उधळायला लावेल, नुसती किंचाळेल ती. तर म्हणतो, नाही काका, छान चाललीय."

छान चालत होती, हे थोरल्यालाही ठाऊक होतं. पलीकडे माल उतरवून धाकटा रोज एकटा परत यायचा, आणि त्याची मोटार खालच्या संथ सुरात गात यायची.

त्या दुपारी थोरला धक्क्यावर थांबला. धाकट्याची होडी आली. आत मागे बसलेल्या धाकट्याशिवाय कोणी नव्हतं, साधं पोतंही नव्हतं. तरी होडीचं पुढचं टोक रंगाच्या पट्ट्यापर्यंत पाण्यात दबलेलं. धक्क्याला लागल्यावर धाकट्याने होडी हाताने घट्ट धरून ठेवली, म्हातारं माणूस उतरताना धरतात तशी. टोक एकदा खाली गेलं आणि सावकाश वर आलं.

"कोणासाठी धरून बसला होतास?"

"सवय आहे, दादा," धाकटा म्हणाला आणि दोर बांधायला वळला.

थोरल्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. हेवा मोठा चिवट सोबती. प्रार्थनेला बसलं तरी शेजारी मांडी घालून बसतो. बाबा जन्मभर धाकट्याच्याच होडीत बसले. "तू समर्थ आहेस रे, तुला माझी काय गरज," एवढं म्हणून थोरल्याला वाटेला लावायचे. आणि आता गेल्यावरही तिथेच?

त्याने तो पंखा आणून बसवला.

"तुमच्या होडीला चालेल का हा?" बायकोने विचारलं.

"चालेल."

"भावजींच्या ताटातलं उचलल्याशिवाय तुमचं पोट भरत नाही," ती म्हणाली.

माल भरलेला असताना मोटार बरी चाले. परतताना मात्र किंचाळे. धक्क्यावरचे हमाल विचारत, "काय शेठ, होडी आणली की गिरणी?" थोरला ऐकून न ऐकल्यासारखं करी. निघताना तो पुढची बसायची फळी कोरडी पुसून ठेवी आणि तिच्यावर काही ठेवू देत नसे.

एका दुपारी, पाणी अगदी निवांत असताना, तो मध्यावर आला आणि त्याला राहवलं नाही.

"बाबा, या ना. मी पण तुमचाच आहे."

मोटारीची किंचाळी उतरू लागली.

त्याने मोटारीच्या दांड्यावरचा हात हलवला नव्हता. पुढचं टोक हळूहळू दबलं, पाणी रंगाच्या पट्ट्याला लागलं, आणि मोटार खालच्या संथ सुरात गाऊ लागली. लहानपणापासून साठलेलं सगळं थोरला बोलत सुटला: राग, लाड, राहून गेलेली माफी. समोरची फळी रिकामी दिसत होती, पण कोणी मन लावून ऐकतंय असं जाणवत होतं.

एवढ्यात मागून धाकट्याची होडी आली. तीही रिकामीच परतत होती. आज कळेल त्याला, असं मनात म्हणत थोरला छाती काढून बसला.

होडी बरोबरीला आली. तिचा सूर तोच, रोजचा, खालचा. तिचं पुढचं टोक रोजच्याइतकंच दबलेलं.

थोरल्याचं बोलणं तुटलं.

धाकट्याने हसून हात वर केला. मग त्याची नजर थोरल्याच्या होडीत पुढे गेली, तिथेच थांबली, आणि हात खाली आला.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला, "बाबा इकडे आहेत."

आणि त्याने आपली होडी लांब वळवली.

थोरल्याने समोर पाहिलं. पुढचं टोक पाण्यातून वर उचललं गेलं होतं. मोटारीचा सूर मात्र तसूभरही चढला नव्हता.

त्याच्या गुडघ्यांना टेकलेली मधली फळी करकरली आणि वाकली.