आकाशनौकेची पहिली कप्तान

या, असे जवळ सरका. मृदंग लागेस्तोवर एक आख्यान सांगते. पुराणातलं नाही हो, आपल्या मूल गावचंच आहे.

सत्त्याऐंशी साल असेल. राइस मिलच्या अंगणात टीव्ही लागला होता, अन् रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, खुशाल नावाचा पोरगा, कौलांवर चढून अँटेना फिरवत होता. खालून एक मुलगी त्याला सांगत होती — जरा चंद्रपूरकडं... आता आलापल्लीकडं... नाही, परत चंद्रपूरकडं. चित्र केव्हाच आलं होतं! घामेजून तो खाली उतरला तर ती पदराआड हसत होती.

ती अन्नपूर्णा, वामनरावबुवांची लेक. बुवांचा आवाज बसला, तेव्हापासून मारुतीच्या देवळात कीर्तनाला तीच उभी राहायची. पुढं दर रविवारी तो अँटेना आपोआप बिघडू लागला... का, ते मी कशाला सांगू?

टीव्हीवर एका आकाशनौकेची मालिका लागायची. आधी जुने, काळे-पांढरे भाग दाखवले. त्यातला कप्तान ठणकावून सांगे — बाईमाणसाला कप्तानी नाही, नियमच आहे. मग नवे, रंगीत भाग आले, अन् त्यात पिकल्या केसांची एक बाई शांतपणे म्हणाली, या नौकेची पहिली कप्तान मीच. खुशाल बेचैन झाला. दोन्ही खरं कसं? नियम मागाहून आला असेल, नाहीतर कप्तानाच्या डोक्याला मार लागला असेल, असे नाना तर्क तो अन्नपूर्णेला ऐकवू लागला.

"दोन पुराणं जुळली नाई, तं आमी कीर्तनकार पाह्यतो, बोलून कोण राह्यला," ती म्हणाली. "नियम कोण सांगते? ज्याची खुर्ची जाणार, तो. म्हंजे तो नियम नव्हताच. त्याचं भेव होतं."

खुशालनं मान डोलावली. पण तिचे डोळे आता हसत नव्हते. त्याच आठवड्यात त्याच्या घरून तिला मागणी आली होती, अन् चैतूच्या पानठेल्यावर तो मित्रांत बोलून गेला होता, की लग्न झालं की तिचं कीर्तन बंद. मध्यंतरात कीर्तनकाराला हार द्यायचा अन् पाया पडायचं, ही आपली रीत. बायकोच्या पाया कोण पडेल? हे बोल तिच्या कानावर आले होते.

"इथं मान डोलावता, पानठेल्यावर कीर्तन बंद म्हणता. आता तुमचे दोन भाग जुळवा," ती म्हणाली.

"ते... दोस्तायनं चिडवलं म्हणून—"

"सारवासारव करू नका. आख्यान चुकलं तं आमी लोकायपुढं हात जोडतो, चुकलं म्हणतो, अन् पुन्हा लावतो. रामनवमी झाली का बाबाले मागणीचा जवाब द्याचा हाये. आज इचाराल, तं माहा जवाब 'नाई' हाये."

दुसऱ्या दिवशी खुशालनं त्याच पानठेल्यावर मित्रांपुढं हात जोडले, माझं चुकलं, तिचं कीर्तन चालूच राहील म्हणाला. चैतूनं चुना लावता लावता टोमणा मारला, "म्हंजे घरची कप्तानी तिले देल्ली म्हण."

"तिचीच होती ते," खुशाल म्हणाला. "मीच मधात घुसून राह्यलो होतो."

रामनवमीची भरदुपार. मध्यंतर झालं, रांग लागली. आपल्या देवळात बाई कीर्तनाला उभी असली की पुरुषानं हार हातात द्यायचा, गळ्यात नाही. खुशाल आधी पाया पडला, सगळ्या मित्रांदेखत. मग उठला, तिच्याकडं पाहिलं... अन् भांबावून हार सरळ तिच्या गळ्यातच घातला!

देऊळभर हशा. बुवासुद्धा बसक्या आवाजात हसले.

"चुकलं का?" तिनं हळूच विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "हे नाई चुकलं."

तिनं त्याच्या कपाळी बुक्का लावला — अन् गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. बुवांना जवाब मिळाला. मग तिनं चिपळ्या उचलल्या अन् रामजन्म असा गायली, की काय सांगू.

लग्न झालं, कीर्तन चालूच आहे. माझं एवढंच मागणं. अन्नपूर्णेची आई, अंजनाबाई, चुलीपुढं बसून तिनंच लेकीला सारी आख्यानं शिकवली. तिला कुणी कधी हार दिला नाही. जुन्या भागात ती दिसतच नाही. आज मध्यंतरात हात जोडाल, तेव्हा अंजनाबाईची आठवण ठेवा.