भाडेकरूचा आवाज

"कॉफी पुन्हा उतू घालवलीस ना? चाळीस वर्षं सांगतोय, तुझं लक्ष म्हणून कुठे नसतं!"

टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यातून आर्मां लाशांस खेकसला. लूकने ओटा पुसता पुसता, "तू तुझं बघ," असं ठरलेलं उत्तर दिलं. आर्मांला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मॉन्ट्रियलच्या पूर्वेकडच्या, गिरणी कामगारांच्या जुन्या वस्तीतलं हे दुसऱ्या मजल्यावरचं घर. इथेच बसून आर्मांने अठरा नाटकं आणि नऊ कादंबऱ्या लिहिल्या. धोबीखान्यातल्या बायका जी फ्रेंच बोलत, जिच्यासाठी शाळेत मास्तर हातावर पट्ट्या मारत, ती त्याने थेट रंगमंचावर आणली. शहाण्यासुरत्यांनी नाकं मुरडली. ही काय भाषा झाली? पण त्या बायका नटूनथटून नाटकाला आल्या आणि पोट धरून हसल्या, ढसाढसा रडल्या. पुरुषावर प्रेम करणारा पुरुषही त्याने रंगमंचावर ताठ मानेने उभा केला. तेव्हा अशा माणसासाठी त्या वस्तीत शिवीखेरीज शब्द नव्हता.

बुटांवरचा बर्फ झटकत ऋजुता वानखडे आत आली. डब्यातली 'प्रतिवाणी' तिने घडवली होती. माणसाची पत्रं, खर्डे, ध्वनिफिती असं सगळं त्या यंत्राला वाचायला, ऐकायला द्यायचं. तो काय लिहील हे ते शिकतंच, पण काय खोडेल हेही शिकतं. ऋजुता मूळची अकोल्याची. आर्मांचं पहिलं नाटक कुणीतरी वऱ्हाडीत आणलं होतं आणि तिची आत्या त्यात धोबीण झाली होती. "प्रेक्षागृहातल्या बाया उठून आत्याला उलट उत्तरं देत होत्या, काका," असं तिने लूकला सांगितलं होतं. 'काका' म्हणजे काय ते कळल्यापासून लूकला फ्रेंच रीतीने 'मस्यू' म्हटलेलं चालेनासं झालं होतं.

"आज सही हवी, काका. सोमवारी तालमी सुरू होतात."

आर्मांच्या शेवटच्या नाटकाचा अखेरचा प्रवेश राहून गेला होता. आता प्रतिवाणीने तो लिहिला होता. वारस म्हणून लूकची संमती मिळाली, तरच तो रंगमंचावर येणार होता.

"आधी ऐकू दे. रीतीप्रमाणे."

रीत अशी, की आर्मां नवा प्रवेश इथेच मोठ्याने वाचायचा आणि लूक बटाटे सोलायचा. लूकची सुरी थांबली, की वाक्य गेलंच. आर्मां हुज्जत न घालता ते खोडायचा. लूकने टोपली पुढे ओढली आणि डबा वाचू लागला.

नाटकात दोन म्हातारे होते, एक घरमालक आणि एक भाडेकरू. सगळी गल्ली त्यांना तसंच ओळखायची. शेवटी मालक जिन्यात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "इतकी वर्षं तुझ्याच शेजारी झोपलो, आणि एकदाही घाबरलो नाही."

ऋजुताचे डोळे भरून आले. लूकची सुरी मात्र थांबली होती.

"हे वाक्य कुठून आणलंस रे?"

"स्वयंपाकघरातली फीत. चौदा मार्च, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी," डबा म्हणाला.

"ते मी बोललो होतो," लूक म्हणाला. "आर्मां ऐकून गप्प बसला. मग उठून खिडकी लावली त्याने. खाली त्याची आई राहायची ना! तिच्यासाठी मी भाडेकरू होतो. ती गेली, तरी त्याच्या तोंडची सवय गेली नाही. जगाला बोलतं केलं लेकाने, आणि घरात दातखीळ!"

ऋजुताने घाईघाईने पडद्यावर नोंदी काढल्या. एकाच गल्लीत वाढलेली, एका टेबलावर म्हातारी झालेली ही दोन माणसं. दोघांचा सूर एक झाला होता आणि आवाज वेगळे करणारी प्रणाली त्यांना एकच समजून बसली होती. फितींच्या नोंदवहीत लूकच्या नावापुढे 'भाडेकरू' होतं. भाडेकरूच्या आवाजाचा नमुना कोण घेतो? ती नोंद तिने स्वतः वाचली होती आणि पान उलटलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"काका, चूक माझी आहे. यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तुम्ही आहात."

लूकचा चेहरा उतरला. गेली काही वर्षं हा डबा रोज खेकसता खेकसता त्याच्याशी मायेनेही बोलत होता. जिवंतपणी अडलेलं आर्मांने मेल्यावर तरी सांगितलं, या समाधानावर म्हातारा तग धरून होता.

"म्हणजे मी माझंच ऐकत बसलो होतो?"

"तुमचा आवाज बाजूला काढता येईल. पण मग तो तसं बोलेलच असं नाही. नको म्हणालात तर राहू देते."

लूकने अर्धा सोललेला बटाटा टोपलीत टाकला. "काढ," तो शेवटी म्हणाला. "आहे तसा येऊ दे. खडूस तर खडूस."

तासभर लागला. मग लूक डब्याजवळ वाकला. "आर्मां, प्रवेश वाचलास? ते जिन्यातलं वाक्य खोडशील?"

डबा इतका वेळ गप्प राहिला, की ऋजुताने वायर तपासली.

"नाही," आवाज आला. कोरडा, थोडा चिडलेला. "वाक्य खरं आहे. पण मालकाच्या तोंडी घालू नका, त्याच्या घशातून ते निघायचं नाही. दुसऱ्याला द्या. हा नुसता ऐकेल. आणि या खेपेला खिडकी लावणार नाही."

लूक तोंडावर हात ठेवून हमसून हमसून रडला. ऋजुताने त्याला रडू दिलं.

"पोरी, तू घडवलंस याला. खरं सांग. हा तोच बोलला, की तुझं गणित?"

"शप्पथ काका, मला माहीत नाही."

लूकने डोळे पुसले आणि संमतिपत्र जवळ ओढलं. लेखक म्हणून तिथे आर्मांचं एकट्याचं नाव छापलेलं होतं. त्याने पेन त्या नावाच्या पुढच्या कोऱ्या जागेवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"इथे माझं नाव घातलं," त्याने हळूच विचारलं, "तर तो खोडेल का गं?"