गटाराकाठी

"अहो, काही पडलं का आत?"

रुग्णालयामागच्या गटारावर ती ओणवी झाली होती. हातात दोरी, दोरीला बाटली... आणि मागून हा कोण आगंतुक! तिने वळून पाहिलं. मुलांच्या वॉर्डातला डॉक्टर. डोळे छान होते, नाक मात्र रुमालात दडलेलं.

"पडलं नाही. औषध शोधतेय."

"इथे?" तो हसला. "आणि आम्ही वेडे दुकानातून मागवतो!"

"हसा, हसा! कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू असतात ना, त्यांना खाणारे विषाणू अशाच घाणीत सापडतात. तिसऱ्या मजल्यावर एक खेळाच्या शिक्षिका आहेत. त्यांच्या पायातले जंतू तर..."

त्याचं हसू मावळलं. "ती माझी ताई," तो म्हणाला. "सगळी औषधं करून झाली. महिनाअखेरीला पाय कापणार आहेत."

त्याने रुमाल खिशात कोंबला, बाह्या सरसावल्या आणि दोरी हातात घेतली.

प्रयोगशाळेत तिला सगळे जंतूबाई म्हणत. जंतूबाईंच्या नादी लागून हा शहाणा डॉक्टर ड्युटी संपली की गावभरची गटारं पालथी घालू लागला.

"लोक बागेत भेटतात," ती एकदा म्हणाली.

"बागेत फार गर्दी... इथे कसं, कुणी फिरकत नाही." तिच्या गालावर शिंतोडा उडाला होता. पुसायला त्याने हात पुढे केला — आणि मध्येच थांबला. "हातमोजा घाण आहे," तो पुटपुटला. तिच्या काळजात असं काही लकाकलं, की बाटली गटारात गेली.

पण प्रेमाने जंतू मरत नाहीत! ताईंचे जंतू बशीत वाढवायचे, त्यांवर गटाराचं गाळलेलं पाणी सोडायचं आणि सकाळी पाहायचं. रोज बशीवर तीच सायीसारखी दाट वाढ. रोज तो दारातूनच विचारायचा, "नाही?" आणि तिला मान हलवताना रडू यायचं.

एका सकाळी तिने बशी उजेडात धरली. सायीत गोल गोल स्वच्छ भोकं पडली होती. विषाणूंनी जंतू फस्त केले होते!

"खाल्ले!" ती ओरडली. "खाल्लं मेल्यांना!"

सर्जन खडूस, पण बशी पाहून नरमले. कापाकापी पुढे ढकलली. परवानग्या आल्या, विषाणू गाळून शुद्ध केले आणि औषधांच्या जोडीने ताईंच्या जखमेत सोडले. ताप हटला. पू थांबला. मग जखमेतून घेतलेल्या नमुन्यात एकही जंतू उगवला नाही. जंतूबाई जिंकल्या होत्या, आणि आनंदाने त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

ताई उभ्या राहिल्या, तेव्हा एका बाजूने तो होता, दुसरीकडून ती.

"ज्याने शोधला त्याने विषाणूला नाव द्यायचं असतं," ती त्याला म्हणाली. "आपण दोघांनी शोधलाय. काय ठेवायचं?"

"अरे वा! लग्नाआधीच नाव ठेवायला निघालात?" ताई कडाडल्या. "बावळटा, आधी तिला विचार तरी!"

तो कानापर्यंत लाल झाला. "मी... म्हणजे, गटारं संपली तरी... मला रोज भेटायचंय तुला. जन्मभर. चालेल?"

"मला तू फार आवडतोस," ती कशीबशी म्हणाली. "चालेल... पळेल!"

"आईला फोन मीच करणार!" असं म्हणत ताईंनी दोघांचे हात सोडले, आणि फोन गाठायला त्या स्वतःच्या दोन पायांवर चालू लागल्या.