बोलता येईल इतक्याच वेगानं

अलीगंजच्या बागेत मधुकरराव बाकावर बसले, ते जवळजवळ कोसळलेच. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंडून निघालं, "आई गं..."

शेजारी बसलेल्या बाई वळल्या. "अच्छा, मराठी? इकडे उत्तरेत? डोकं जरा खाली घ्या... हं. आता सांगा, कोण मागे लागलं होतं?"

"कोणी नाही." त्यांनी ओशाळून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "पुस्तकात लिहिलंय, माझ्या वयाला ठोके एकशेवीसपर्यंत जायला हवेत. इतका धावतो, नव्वदच्या वर जातच नाहीत."

"गोळी कसली घेता?"

"ब्लड प्रेशरची. बीटा ब्लॉकर."

कांचन परांजपे नुकत्याच औषध-संशोधनातून निवृत्त झाल्या होत्या. हसू दाबत त्या म्हणाल्या, "मग कसे जातील? ती गोळी ठोके आवरून धरते. पुस्तकातला आकडा तुमच्यासाठी नाहीच. डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यांच्याकडे गर्दी असते... वाटलं, एवढ्यासाठी कशाला—"

"उद्या विचारा. गोळी मात्र सोडू नका. आणि आज घरी रिक्षानं जा."

त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर तपासून त्यांच्यापुरती मर्यादा ठरवून दिली. वर सांगितलं, चालताना सहज बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

"तेच तर अवघड आहे," मधुकरराव बागेत कांचनना म्हणाले. रेल्वेचे पूल बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, लग्न राहूनच गेलं होतं. "बोलू कुणाशी?"

"भिंतीशी बोलणार होतात? चला."

थंडीभर ते दोघं धुक्यातून चालत राहिले. मधेच मधुकरराव अडखळत, तेव्हा कांचन तिरप्या नजरेनं विचारत, "दम संपला, की शब्द?"

"शब्द."

"मग चालू द्या. वेग ठीक आहे."

हळूहळू शब्दही पुरू लागले. ते पुलांबद्दल सांगत. कांचन सांगत चौकात थंडीत मिळणाऱ्या मक्खन मलाईबद्दल, दुधाच्या त्या फेसाळ मिठाईबद्दल. 'कांचनताई'मधली ताई कधी गळून पडली, ते कुणीच बोलून दाखवलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी कांचन शाल सावरत म्हणाल्या, "बहीण सांगलीला बोलावतेय. घरमालकाला या आठवड्यात कळवायचंय. इथं आता माझं आहे तरी कोण..."

मधुकरराव गप्प झाले. बागेची एक पूर्ण फेरी झाली, तरी गप्पच.

कांचन घाबरून थांबल्या. "चक्कर येतेय? बघू—" त्यांनी मनगट धरलं. गार बोटं बराच वेळ तिथंच राहिली. "ठोके तर शांत आहेत."

"ते गोळीमुळे," मधुकरराव म्हणाले. "माझ्यामुळे नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... जाऊ नका, कांचन. थांबा म्हणणारा मी कोण, कळत नाही. पण मला तुम्ही हव्या आहात. नुसत्या चालण्यापुरत्या नव्हे."

कांचननी त्यांचं मनगट सोडलं. मधुकररावांची मान खाली गेली. मग शाल कोपरापर्यंत सरकली आणि एक बारीक मनगट त्यांच्यापुढे आलं.

"मी कसलीच गोळी घेत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मोजा."