तोंडावरचा उजेड

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेत, सूर्य बुडताना माणसांचा फोटो काढावा तो अमरावतीच्या वामनरावांनीच, असं तिवशापर्यंत लोक मानायचे. काम दिसायला सोपं, करायला मोठं नाठाळ. वर्धेच्या रेतीवर माणसं पश्चिमेला पाठ करून उभी, मागं टेकाडावरचं देऊळ आणि तांबडं आभाळ. आभाळासाठी भिंगावरची टोपी काढून तीन आकडे मोजायचे, तिसऱ्याला ताटलीतली मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची आणि लगेच टोपी लावायची. आकडे वाढले की आभाळ पांढरंफटक. भुकटी जास्त झाली तर माणसं पिठात लोळल्यासारखी, कमी झाली तर नुसता कोळसा. या दोन उजेडांचा मेळ वामनरावांच्या हातात बसला होता, आणि त्याची त्यांना चांगलीच घमेंड होती.

ती घमेंड उतरवणारा एकच फोटो त्यांच्या घरात होता. त्यांच्या पहिल्या बायकोचा, शकुनचा.

पाच वर्षांपूर्वी ती जत्रेला सोबत आली होती. संध्याकाळी भुकटीची एकच पुडी उरली, आणि तिवशाचं एक कुटुंब नटूनथटून ताटकळत होतं. शकुन म्हणाली, "माह्या तोंडावर बी पाडा नं थोडा उजेड."

"तू त घरचीच आहेस. तुहा केव्हाबी काढता येईन," वामनराव म्हणाले. तिची समजूत म्हणून नुसती टोपी काढून तीन आकडे मोजले. आभाळ सुरेख आलं. शकुन काळीठिक्कर.

माघात ती तापानं गेली.

पुढं वामनरावांनी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागवाल्यांची सुभद्रा केली. पहिली वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधतात, तशी रीत. टाकावर बाई कोरायची म्हणून नत्थुजी सोनारानं फोटो मागितला. तो त्यानं उजेडात धरला, तिरपा केला आणि परत दिला. "वामनराव, यात बाई हाय. तोंड कुठी हाय?"

टाकावर लुगडं आलं, हात आले. तोंडाच्या जागी गुळगुळीत चांदी राहिली. आणि वामनरावांना सांगताही येईना. शकुनचं नाक कसं होतं, भुवया कशा होत्या, आठवू म्हटलं की आभाळच आठवायचं. हजार परक्या माणसांची तोंडं उजळली आणि घरच्या एका तोंडाला चिमूटभर भुकटी मिळाली नाही, याचं दुःख त्यांना जेवताना, झोपताना खात राही.

म्हणून यंदाच्या जत्रेत त्यांनी पहिला फोटो सुभद्राचा काढला. भुकटी हात सैल सोडून घेतली. भक्कन उजेड झाला. सुभद्रानं गालाला हात लावला.

"काय झालं?"

"काई नाई. थंड लागलं."

घरी येऊन फोटोची काच धुतली, कागदावर उतरवली. आभाळ बरोबर होतं. लुगड्याचे काठ, पायाखालची रेती, गळ्यातला टाक, सगळं लख्ख. मानेच्या वर मात्र सुभद्रा काळी होती.

भुकटी सर्दावली असेल, असं वामनरावांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर शेजारच्या माणिकबाईंना सुभद्राच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि नवी पुडी फोडली. माणिकबाईंच्या गालावरचे देवीचे वण मोजता येत होते. सुभद्राच्या तोंडाच्या जागी अंधार.

त्यांनी भिंग घेतलं आणि फोटोतला टाक पाहिला.

गुळगुळीत चांदीवर तोंड होतं. नाक जरा बसकं, उजव्या भुवईवर तीळ. डोळे मिटलेले, भुकटीच्या उजेडानं मिटतात तसे. पाच वर्षांत आठवलं नव्हतं ते सगळं एका क्षणात ओळखू आलं, आणि वामनराव भिंतीला टेकून ढसाढसा रडले. त्यांना भीती वाटायला हवी होती. झाला तो आनंद.

सुभद्राच्या गळ्यातला खरा टाक त्यांनी बोटांनी चाचपला. तो पूर्वीसारखाच गुळगुळीत होता.

मग रोज संध्याकाळी गच्ची. रोज तीन आकडे, रोज भुकटी. आठव्या दिवशी फोटोतल्या टाकावरच्या पापण्या किंचित उघडल्या होत्या.

"अवो, पुरे करा आता," सुभद्रा म्हणाली. "उजेड पडला का माह्या तोंडाले गार लागते. मंग रातभर तसंच राह्यते."

"फक्त आणखी एक."

"काल बी तुमी हेच म्हनलं."

माणिकबाईंनी येणं सोडलं. समोर आल्या तरी सुभद्राच्या पायांकडे बघून बोलायच्या. वामनरावांच्या हे लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही त्यांनी पुड्या मागवल्या, याचा जाब त्यांना पुढं जन्मभर स्वतःलाच द्यावा लागला.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी आदल्या दिवशीचा कागद वाळला. त्यांनी भिंग लावलं.

डोळे पूर्ण उघडे होते. थेट त्यांच्याकडे पाहत होते.

"सुभद्रे!" त्यांनी हाक मारली. तिला सांगावं, आता झालं, आता तुला त्रास नाही. हाक मारता मारता त्यांनी तिचं तोंड डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला.

आलं नाही.

ती दारात येऊन उभी राहिली. मागं पश्चिमेचं तांबडं आभाळ. हातातल्या बांगड्या चमकत होत्या. टाक चमकत होता.

"तुहं तोंड दिसत नाही," वामनराव म्हणाले. "दिवा घेऊन ये."

सुभद्रानं हात तोंडाजवळ नेला.

"दिवा त माह्या हातातच हाय."