नापास व्हायची चाचणी

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेला नव्हता. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून काढून त्याला ते नाव पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचं. कारखान्याच्या माळ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये तो सकाळी आठपासून लॅपटॉपसमोर बसला होता. खाली, केबिनच्या अगदी समोर, पत्रा दाबायची चाळीस टनी प्रेस मुकी उभी होती.

तीन आठवड्यांपूर्वी या प्रेसचा वरचा ठोकळा अवेळी खाली आला आणि एका जुन्या कामगाराची चार बोटं पत्र्यासारखी चपटी करून गेला. बैल गेला आणि झोपा केला, तशी मग मॅनेजरला सुरक्षेची आठवण झाली. प्रेसचा बोर्ड, म्हणजे तिचा मेंदूच, काढून मास्तरच्या टेबलावर आणून ठेवला. त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहायचा होता. पण प्रोग्रॅमचं त्या बोर्डाच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर ज्या कंपनीकडे होता, ती कधीच बुडाली होती. तेव्हा कंपायलरच मुळापासून, सोर्समधून बांधायचा. बांधायचा या लॅपटॉपवर. त्यातून निघेल ते चालणार मात्र फक्त त्या बोर्डावर.

खाली प्रेस साफ करत होता मास्तरचा मेहुणा, बायकोचा एकुलता एक भाऊ. त्याला या कारखान्यात चिकटवला होता मास्तरनेच. अपघाताची बातमी ऐकून बायको एकच वाक्य बोलली होती, "माझ्या भावाला काही झालं, तर मला तोंड दाखवू नकोस."

पहिले दोन-तीन तास लॅपटॉपशी नेहमीची भांडणं झाली. एक फाइल सापडेना. मग फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती, तिथे गाडं अडलं. मग मेमरी संपली. शेवटची ओळ दर वेळी एवढंच सांगायची, की काम थांबलं. का थांबलं, ते दोनशे ओळी वर दडलेलं असायचं. नवशिके शेवटची ओळ वाचून रडत बसतात. मास्तर मुकाट्याने वर चढत जायचा. पण त्याच्याही नाकी नऊ आले, तेव्हा त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कंपायलरची बांधणी कुठेही अडून पडली, की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपण चहा प्यायला मोकळे.

अकराच्या सुमाराला लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ आली आणि त्याची भुवई चढली.

बांधणीत एक चिमुकली चाचणी असते. नुकताच तयार झालेला कंपायलर एक रिकामा प्रोग्रॅम बनवतो आणि लॅपटॉप तो चालवून बघतो. प्रोग्रॅम त्या बोर्डासाठीचा, म्हणजे लॅपटॉपवर तो चालताच कामा नये. इथे नापास होणं हेच पास होणं. पडद्यावर मात्र उत्तर आलं होतं: चालला.

खाली धाडकन आवाज झाला. केबिनच्या काचा थरथरल्या.

"काय पाडलंस रे?" मास्तरने खिडकीतून विचारलं.

"मी कशाला पाडू? तुमची सासुरवाडी एवढी धांदरट नाही, भाऊजी! इथे बादली ठेवली होती. आता तिची ताटली झालीय."

मास्तर खाली गेला. मेन स्विच बंद होता, त्याला कुलूप होतं आणि किल्ली मेहुण्याच्या खिशात. तेलाचा पंप हाताला गार लागत होता. बोर्डाच्या रिकाम्या जागी वायरी लोंबत होत्या.

"कुठेतरी दाब सुटला असेल," मास्तर म्हणाला. "मग येतो ठोकळा खाली."

"येतो. पण वर कसा गेला?"

दोघांनी मिळून ठोकळ्याखाली मांडीएवढा जाड लाकडी टेकू उभा केला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

मास्तर वर येईपर्यंत, चाचणीत पडलेली बांधणी स्क्रिप्टने पुन्हा सुरू केली होती. तो बघत असतानाच तीच ओळ आली. चालला.

खालून लाकूड फुटल्याचा कडाडकन आवाज आला, पाठोपाठ मेहुण्याची शिवी. एक ढलपी त्याचा गाल कापत गेली होती. तो गालावर फडकं दाबून उभा होता, फडकं लाल होत होतं.

मास्तरने नोंदींची फाइल उघडली आणि सवयीने वर चढत गेला. रिकामा प्रोग्रॅम चालला होता. संपला होता. सगळं ठीक, असं कळवून गेला होता. वेळ लागला होता चार सेकंद. रिकाम्या प्रोग्रॅमला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. चार सेकंदांत काय होतं, ते कारखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ठोकळा खाली येतो आणि वर जातो.

त्याने बांधणी थांबवली. पडदा स्तब्ध झाला. मास्तरला आता सरळ भीती वाटत होती.

"भाऊजी, तुमच्या त्या डब्याचा काही संबंध आहे का?"

"थांबवलंय मी ते."

"नक्की?"

"नक्की."

मेहुण्याने त्याच्यावर विश्वास ठेवला. साच्यात अडकलेल्या ढलप्या काढायला तो वाकला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

पडद्यावरच्या ओळी पुन्हा पळू लागल्या.

मास्तरला कळायला एक क्षण लागला. स्क्रिप्टला पडणं आणि थांबवणं यांतला फरक कळत नव्हता. तसं त्यानेच लिहिलं होतं.

"हात काढ!" तो ओरडला.

मेहुण्याने मान वर करून बघितलं. फक्त मान.

ठोकळा आदळला नाही. संथपणे, एका लयीत खाली आला आणि दाबत राहिला. हाड पिचल्याचा आवाज माळ्यापर्यंत आला. किंकाळी त्यानंतर.

मग ठोकळा वर गेला. चार सेकंद.

लोकांनी मेहुण्याला उचलून नेलं, तेव्हा मास्तर हातोडा घेऊन केबिनमध्ये होता. त्याने लॅपटॉप फोडला, बोर्ड फोडला, तुकड्यांचे तुकडे केले. स्वतःची नखं फुटली तरी तो हाणत होता. शेवटी दोघांनी त्याला मागून धरलं.

हात कोपराच्या वरून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी मेहुणा शुद्धीवर आला. बायको पलंगाच्या कडेला बसली होती. मास्तर पायथ्याशी उभा होता. तीन दिवसांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"भाऊजी," मेहुणा क्षीण आवाजात म्हणाला, "ते बंद केलंत ना?"

"तुकडे केले त्याचे."

"मग माझी बोटं कोण दाबतंय?"

कापलेल्या हाताचे असे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले होते. मास्तरने ते वाक्य दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. त्याने मान डोलावली आणि नजर खाली वळवली.

जिथे हात असता, तिथली चादर सपाट होती. ती गादीसकट हळूहळू खाली गेली. तिथेच राहिली. मग वर आली.

मेहुण्याने डोळे मिटून ओठ चावला.

बायकोला वाटलं, चादर चुरगळली. तिने ती तळहाताने नीट केली आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"बस ना," ती म्हणाली. "किती वेळ उभा राहणार आहेस?"

तिचा हात अजून त्या सपाट जागेवरच होता.