कुलथे सरांचा संकोच

हर्षवाटिका कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एक बाई दिसत होती. आकाशपाळण्याशेजारच्या बाकावर बसून ती घरून आणलेली पोळीभाजी खात होती, आणि आपण खातोय हे कुणाला दिसू नये म्हणून डब्याचे झाकण तोंडापुढे धरत होती. तिचा नवरा पाळण्यातून तिला हाका मारत होता. ती मान हलवून नाही म्हणत होती. नजर मात्र पाळण्यावरून हलत नव्हती.

"बघा," कोठावळेशेठ म्हणाले. सांगलीत कृष्णेकाठी उभ्या राहिलेल्या या अवाढव्य मनोरंजन संकुलाचे ते मालक. "तिकीट काढून आत आली, आणि करते काय? डबा खाते! अख्ख्या गावाला हाच रोग. गाणं लावलं की सगळे भिंतीला पाठ लावून उभे. मी पाळणे काय कावळ्यांसाठी आणले काय ओ डॉक्टर?"

"रोग नाही, संकोच," डॉ. शरयू कुलथे म्हणाल्या. त्या मेंदूशास्त्रज्ञ होत्या, आणि शब्द नेमका वापरण्याची त्यांना सवय होती. "चार लोक आपल्याकडे बघतायत, असं सांगणारा मेंदूचा एक कोपरा असतो."

"मग तो बंद करा की."

"बंद करता येत नाही. झाकता येतो. ऐनापुरे, तुम्ही सांगा."

ऐनापुरे हे संकेत-अभियंते, म्हणजे लहरींचे जाणकार. त्यांनी गळ्यातला हेडफोन उचलून दाखवला. "शेठ, हा बाहेरचा गोंगाट टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतो. दोन्ही एकमेकांना मारतात. कानाला वाटतं, शांतता आहे. तसंच संकोचाच्या लहरीचं. उलटी लहर सोडली की संकोचरोधक क्षेत्र तयार. त्यात आलेला माणूस मोकळा."

"मग अडलंय कुठं?"

"नमुन्यावर," शरयू म्हणाल्या. "उलटी लहर काढायला आधी सुलटी लागते. खरी, ताजी, अखंड. म्हणजे एक माणूस क्षेत्राबाहेर बसला पाहिजे, त्याने गावात चाललेलं सगळं बघितलं पाहिजे, आणि सगळ्यांच्या वाटची लाज त्याला वाटली पाहिजे. त्याची लाज थांबली, की क्षेत्र थांबलं."

अशा माणसाला त्यांनी नाव दिले संदर्भमेंदू. कर्मचाऱ्यांपासून नगरसेवकांपर्यंत पुष्कळांची चाचणी झाली. नगरसेवकांच्या वेळी यंत्रच बिघडले असावे, असे ऐनापुऱ्यांना वाटले. शेवटी सगळ्यांत शुद्ध लहर सापडली ती शरयूबाईंच्या घरातच. त्यांचे यजमान मोरेश्वर कुलथे, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. हॉटेलात एकदा त्यांनी डोसा मागवला आणि आला उत्तप्पा. वेटरला वाईट वाटेल म्हणून तो त्यांनी खाल्ला. तेव्हापासून त्या हॉटेलात ते उत्तप्पाच मागवत. डोसा मागवला तर वेटरला वाटेल, मागच्या वेळी आवडला नव्हता.

"थोडे दिवसच हं," शरयू त्यांना म्हणाल्या.

"अगं, पण मला जमेल का? उगाच तुमच्या एवढ्या मोठ्या कामात माझ्यामुळे..."

ऐनापुऱ्यांच्या पडद्यावर लहर ताडकन उसळली. सर निवडले गेले.

संकुलाच्या मधोमध तांब्याच्या भिंतींची एक खोली बांधली, निर्लेप कक्ष. क्षेत्र तिच्या आत शिरू शकत नव्हते. डोक्याला काही लावायचे नव्हते. आत जो कोणी असेल त्याचा मेंदू भिंतीच वाचत. समोर पडदे होते, त्यांवर संकुल दिसे. सर खुर्चीत बसले. पडद्यावर एका पोलीस निरीक्षकाने कमरेचा पट्टा काढून नाच सुरू केला. सरांनी डोळ्यांवर हात ठेवला, आणि बाहेर हजारो लोक भिंत सोडून पुढे आले.

यश इतके झाले, की एक अडचण उभी राहिली. फाटकाबाहेर पडताच लोकांना शरम वाटे आणि ते पुन्हा यायला कचरत. म्हणून क्षेत्र वाहनतळापर्यंत वाढवले, मग बसस्थानकापर्यंत, मग मिरजेपर्यंत. आता ते अहोरात्र चालू ठेवावे लागे. त्यामुळे सरांचा मुक्कामही कक्षातच हलला.

गाव बदलले. संकोच नसलेल्या माणसांना भिंती कशाला हव्यात? पुढच्या भिंती काढून काचा बसल्या आणि कंपनीने 'शेजारदर्शन' सुरू केले: संध्याकाळी उघड्या बसमधून फिरायचे आणि घराघरांतली भांडणे बघायची. चांगले भांडणाऱ्या कुटुंबांना कंपनी ध्वनिक्षेपक बसवून देई. इस्पितळाच्या अतिदक्षता विभागावरून झिपलाइन गेली. वाचनालयात बोलके पोपट आले. शोकसभेत मृताची नक्कल करण्याची स्पर्धा ठेवली जाऊ लागली, आणि विधवेच्या हस्ते बक्षीस दिले जाई. कुणालाच त्यात वावगे वाटत नव्हते. वाटायचे ते सगळे तांब्याच्या खोलीत बसलेल्या एका गृहस्थाला वाटत होते.

शरयूबाईंचे घरही आता क्षेत्रात होते. नवऱ्यावरची त्यांची माया कमी झाली नव्हती. डबा वेळेवर जात होता, भाजीत मीठ बेताचे असे. त्यांना फक्त लाज वाटत नव्हती.

मग मिरजेत एका भाषणाच्या मध्यात आमदारसाहेब थबकले, स्वतःच्या कटआउटकडे बघून लालबुंद झाले आणि व्यासपीठावरून उतरून चालू लागले. त्याच आठवड्यात असे आणखी काही प्रकार घडले.

"लहर उतरतेय," ऐनापुरे म्हणाले. "सरांना सवय झाली. परवा नक्कल-स्पर्धा बघताना ते पेपर वाचत होते."

"गडी बधिर झाला," कोठावळेशेठ म्हणाले. "दुसरा बघा."

"दुसरा कशाला?" शरयू सहज म्हणाल्या. "इतरांच्या वाटची लाज झिजली. स्वतःची अजून कोरी आहे. त्यांनाच लोकांना दाखवा." आणि पाककृती सांगावी तशा त्या पुढे म्हणाल्या, "कक्षातल्या न्हाणीघरात कॅमेरा लावा. आमचा मुलगा परदेशात असतो. त्याला फोन करण्याआधी हे नळ सोडून बोलण्याची तालीम करतात. नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, असं त्यांना वाटतं."

'लाजरा माणूस' हा हर्षवाटिकेचा सर्वांत गाजलेला खेळ ठरला. पहिल्याच प्रयोगाला मधला चौक तुडुंब भरला. भल्यामोठ्या पडद्यावर बनियन घातलेले कुलथे सर नळ सोडून आरशाशी बोलत होते.

"हॅलो, सहज केला. नाही नाही, काम काही नाही... हॅलो, सहजच केला रे. तू घाईत आहेस का? मग राहू दे..."

चौक हसून हसून लोळला. "सहज केला!" असे लोक एका सुरात ओरडू लागले. ते ओरडणे ध्वनिक्षेपकातून आत पोचले. सर न्हाणीघरातून बाहेर आले आणि कक्षातल्या पडद्यावर त्यांना गर्दी दिसली, गर्दीमागच्या पडद्यावर आरशाशी बोलताना टिपलेली, बनियनमधली त्यांचीच प्रचंड छबी दिसली. त्यांचे कान लाल झाले. ऐनापुऱ्यांच्या यंत्राने आजवरचा उच्चांक गाठला. क्षेत्र फुगून जयसिंगपूरपर्यंत गेले आणि तिथे त्या क्षणी एका वरातीने घोड्याला खाली बसवून नवरदेवाला नाचायला लावले.

मग सरांना पुढच्या रांगेत शरयू दिसल्या. त्या टाळ्या वाजवत होत्या. सर पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

"शरयू," ते म्हणाले, "किती वाळलीस गं. जेवतेस ना?"

यंत्रावरची लहर सपाट झाली.

कारण साधे होते. लाज वाटायला, लोक आपल्याकडे बघतायत हे मनात असावे लागते. त्या क्षणी सरांच्या मनात लोक नव्हते. त्यांना बायकोचे वाईट वाटत होते, आणि वाईट वाटणे ही लाज नव्हे. उलटी लहर काढायला सुलटीच उरली नाही.

चौकात हात हवेतच राहिले. कुणीतरी गाणे बंद केले. शेजारच्या माणसाकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती. एका विधवेने हातातला, नक्कल-स्पर्धेत द्यायचा चषक पदराआड घेतला. कोठावळेशेठ आपल्या बुटांकडे बघत होते.

शरयूबाईंनी टाळ्या वाजवणारे हात पाठीमागे लपवले. न्हाणीघर, नळ, 'सहज केला'. हे आपण सुचवले. स्वतःहून, कुणी विचारले नसताना. पण त्या शास्त्रज्ञ होत्या, आणि पुढची पायरी त्यांना दिसत होती. आता सर पडद्यावर ही खाली घातलेली डोकी बघतील. आपल्यामुळे एवढ्या लोकांची पंचाईत झाली, असे त्यांना वाटेल. ते ओशाळतील, क्षेत्र परत येईल, आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवू लागू.

त्या धावत सुटल्या. कक्षाचे दार त्यांनी आतून लावले, तोच बाहेर गाणे सुरू झाले.

"अगं, काय झालं लोकांना?" सर कावरेबावरे झाले होते. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही." त्यांना वर बघवेना. इथे आत सगळे जसेच्या तसे बोचत होते. "चला, घरी जाऊ."

"आत्ता?" सरांनी दाराकडे बघितले. "आपण उठलो तर सगळं परत बंद पडेल गं. एवढी माणसं, बायाबापड्या... बरं दिसेल का?"

"त्यांचं ते बघतील. उठा."

भिंतीवरचा ध्वनिक्षेपक खरखरला. ऐनापुऱ्यांचा आवाज आनंदाने फुटला होता. "मॅडम! आत काय केलंत? दोन मेंदूंची लहर येतेय! आणि तुमची तर सरांच्या दुप्पट! क्षेत्र पार कोल्हापूरपर्यंत गेलंय. शेठ विचारतायत, मुक्काम करताय ना?"

शरयूबाई दाराकडे वळल्या आणि त्यांनी कडीला हात घातला. दार उघडून सरांना घेऊन बाहेर पडले, की सगळे संपेल, हे त्यांना नीट कळत होते. हेही कळत होते, की त्याच क्षणी चौकातला प्रत्येक माणूस शुद्धीवर येईल, आणि सगळ्यांना पहिली दिसेल ती न्हाणीघरात कॅमेरा लावायला सांगणारी बाई.

हात कडीवरच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि त्या सरांच्या शेजारी येऊन बसल्या.

"थोडी गर्दी कमी होऊ दे," त्या म्हणाल्या.

"हो, तेच बरं," सर म्हणाले.

बाहेर कोल्हापूरहून पहिल्या बसगाड्या येऊन पोचल्या होत्या.